तिकडे बसून बोलणाऱ्याचा मुद्दा

"तू तिकडे बसून बोलू नकोस. घर विकायचं की नाही, ते इथे राहणारे ठरवतील." कुटुंबाच्या ग्रुपवर चुलतभावाने एवढं लिहिलं की माझ्या मुद्द्यात तथ्य आहे का, हे बघायला कोणी थांबत नाही. परदेशात राहणाऱ्या बहुतेकांना हे कधी ना कधी ऐकावं लागतं.

मी राहतो त्या नेदरलँड्समध्ये वाद कसा घालावा याचा रीतसर अभ्यास होतो. ॲमस्टरडॅमच्या फ्रान्स व्हान एमेरेन आणि रॉब ग्रोटेनडॉर्स्ट यांनी चर्चेचे चार टप्पे मांडले: मतभेद उघड करणं, दोघांना आधीच काय मान्य आहे ते ठरवणं, युक्तिवाद आणि शेवटी निष्कर्ष. त्यांच्या दहा नियमांतला पहिलाच सांगतो की समोरच्याला मत मांडण्यापासून किंवा शंका घेण्यापासून अडवायचं नाही. परदेशस्थाला याहून सोयीचा नियम कुठला!

तरी मी तो ग्रुपवर टाकत नाही. कारण डग्लस वॉल्टन आणि एरिक क्राबे या युक्तिवादाच्या अभ्यासकांनी १९९५ साली संवादाचे प्रकार वेगळे केले. पटवून देणं निराळं, वाटाघाट निराळी, मिळून काय करायचं ते ठरवणं निराळं आणि निव्वळ भांडण तर निराळंच. घराच्या प्रश्नात मी पटवून द्यायला बसतो, तर बाकीचे वाटाघाटीला. वाटाघाटीत "छप्पर गळलं तर धावपळ कोण करणार?" हा टोमणा नसतो, तो हिशेबातला आकडा असतो. इथे चुलतभावाचं पारडं जड आहे.

पण घरच्या वादांत मला खरी खटकते ती दुसरीच गोष्ट. चार्ल्स हॅम्ब्लिन या ऑस्ट्रेलियन तत्त्वज्ञाने १९७० साली कल्पना मांडली की वाद घालणाऱ्या प्रत्येकाच्या नावावर एक खातं असतं. जे ठामपणे म्हणाल ते त्यात जमा होतं, आणि नियमाप्रमाणे ते काढूनही घेता येतं. आपल्याकडे जमा कोणी मोजत नाही आणि काढून घेणं म्हणजे नाक कापलं जाणं. माझ्या इथल्या ऑफिसात एका सहकाऱ्याने भर बैठकीत "हा मुद्दा मी सोडतो" म्हटलं. टिपणं घेणारीने स्क्रीनवर ती ओळ खोडली आणि बैठक पुढे सरकली. कोणी जिंकलं नाही, कोणी हरलं नाही.

म्हणून हे लोक शहाणे, असं मी म्हणणार नाही. स्थलांतरितांचा विषय निघाला की इथल्या टीव्हीवरही खाती बंदच असतात. आणि आपल्या न्यायदर्शनाने, म्हणजे प्राचीन तर्कशास्त्राने, तर वाद, जल्प, वितंडा असे भेद केव्हाच केलेत: सत्यासाठी बोलणारा, जिंकण्यासाठी बोलणारा, आणि स्वतःचं काहीच न मांडता दुसऱ्याचं नुसतं खोडणारा. वाहिन्यांवर संध्याकाळी तिसऱ्याचीच गर्दी.

मराठी वाहिन्यांच्या सूत्रसंचालकांनी पाहुण्याला फक्त विचारावं, "मघाशी म्हणालात ते कायम आहे, की मागे घेताय?" आणि उत्तर येईपर्यंत पुढचा मुद्दा घेऊ नये. जाहिरातींची वेळ झाली तरी.