खुलासा : कूलोमचा नियम मोडलेला नाही

‘समान विद्युतभार एकमेकांना ओढतात, कूलोमचा १७८५ चा नियम चुकीचा ठरला’ असा मजकूर सध्या फिरतोय. समान भार एकमेकांना दूर ढकलतात (अपकर्षण) आणि विरुद्ध भार ओढतात, असं हा नियम सांगतो. या मजकुरामागचा प्रयोग खरा आहे, निष्कर्ष मात्र फुगवलेला.

ऑक्सफर्ड विद्यापीठातील माधवी कृष्णन यांच्या गटाने मार्च २०२४ मध्ये ‘नेचर नॅनोटेक्नॉलॉजी’त हे काम प्रसिद्ध केलं. पाण्यात तरंगणारे ऋणभारित सिलिकाचे सूक्ष्म कण एकमेकांपासून पळण्याऐवजी षटकोनी मांडणीचे पुंजके करून राहिले. धनभारित कणांनी पाण्यात असं केलं नाही. अल्कोहोलमध्ये नेमकं उलट: तिथे धनभारित कण जमले, ऋणभारित विखुरले!

सगळी गोम या उलटापालटीत आहे. द्रव बदलला की वागणूक बदलते, म्हणजे कारण फक्त कणांवरच्या भारात असू शकत नाही. संशोधकांच्या मांडणीनुसार कणाच्या पृष्ठभागालगत द्रवाचे रेणू विशिष्ट दिशेने वळून बसतात आणि त्यातून आकर्षणाचं बल येतं. पाण्याचा सामू (pH, म्हणजे ते किती आम्लधर्मी आहे याचं माप) बदलूनही पुंजके घडवता-मोडता आले. कूलोमचं अपकर्षण आहे तिथेच आहे. या आकर्षणाने काही अंतरावर त्याच्यावर मात केली, एवढंच. शिवाय कूलोमचं साधं सूत्र दोन बिंदुभारांसाठी (एकेका बिंदूत एकवटलेल्या भारांसाठी) आहे, आयन (भारित अणू-रेणू) आणि ध्रुवीय रेणूंनी (एका टोकाला किंचित धन, दुसऱ्या टोकाला किंचित ऋण असलेल्या) खच्चून भरलेल्या द्रवातल्या कणांना ते जसंच्या तसं लावतच नाहीत.

आणि हो, कण सुबक रचनेत दिसले म्हणजे आकर्षण असलंच पाहिजे, असंही नाही. क्षार जवळजवळ काढून टाकलेल्या पाण्यात पॉलिस्टायरीन या प्लास्टिकचे भारित सूक्ष्म गोल निव्वळ अपकर्षणामुळेही स्फटिकासारखे रचले जातात. थोडं मीठ घातलं की ती रचना विस्कटते.