झोपमोड

करी रोडला रुळांना खेटून आमची चाळ आहे. वन रूम किचन, माणसं चार आणि पाचवा माझा कॉम्प्युटर. सकाळी उठल्या उठल्या काम सुरू करायचं असतं, म्हणून रात्री मी तो बंद करत नाही, नुसता झोपवतो. स्लीप म्हणजे काय, तर रॅमला विजेचा एकेक घोट देत राहायचं आणि बाकीच्यांनी पाय पसरायचे.

पण हा झोपेल तर शपथ. मध्यरात्र उलटली की स्क्रीन लख्ख. पहाटे पुन्हा लख्ख. टेबलाशेजारी आईचं अंथरूण. "अरे, तुझं ते डबडं उठलंय बघ. तोंडावर कुणी बॅटरी मारतंय असं वाटतं."

शेजारच्या अण्णांनी निदान केलं, व्हायरस. अण्णा गिझर बिघडला तरी व्हायरसच म्हणतात.

शेवटी आज्ञा टाइप करायच्या काळ्या खिडकीत 'पॉवरसीएफजी लास्टवेक' अशी आज्ञा दिली. शेवटचं कुणी उठवलं, ते यात कळतं म्हणे. उत्तर आलं, यूएसबी कंट्रोलर. यूएसबीला जोडलेली सगळी उपकरणं त्याच्याच हाताखाली. म्हणजे चोर कोण विचारावं आणि 'चाळीतलाच कुणीतरी' म्हणून सांगावं! मग 'डिव्हाइसक्वेरी वेक आर्म्ड' विचारलं, तेव्हा उठवण्याचा परवाना असलेली तीन नावं निघाली: कीबोर्ड, माऊस, नेटवर्क कार्ड.

माझा संशय नेटवर्क कार्डावर. हे महाशय सगळे झोपले तरी कान टवकारून असतात. त्यांना ताकीद दिली, फक्त मॅजिक पॅकेट, म्हणजे उठवण्यासाठीचा खास निरोप, नेटवर्कवरून आलं तरच उठवायचं. या पॅकेटात आधी एफएफचे 6 बाइट आणि मग त्या कार्डाचा पत्ता लागोपाठ 16 वेळा, एकूण 102 बाइट. माझ्या धाकट्या भावालाही साधारण एवढ्याच हाका लागतात. रात्री दोनच्या देखभालीसाठी विंडोज परस्पर गजर लावू शकतं असंही कळलं. ते वेक टायमरही बंद केले.

रात्री स्क्रीन लख्ख!

मग एक रात्र जागून काढली. शेवटची लोकल धडधडत आली, तांब्यावरचं फुलपात्र किणकिणलं, टेबल शहारलं, आणि कॉम्प्युटर उठला. माऊस! त्याच्या पोटात इवलासा कॅमेरा असतो, तो खालच्या पृष्ठभागाचे सेकंदाला हजाराहून जास्त फोटो काढतो. दोन फोटोंत केसभर फरक पडला की त्याला वाटतं, मालकाचा हात आला. मालक बिचारा पांघरुणात, हात लावत होती मध्य रेल्वे.

डिव्हाइस मॅनेजर उघडला, माऊसच्या प्रॉपर्टीजमध्ये पॉवर मॅनेजमेंटवर गेलो आणि उठवण्याच्या परवानगीची टिक काढली. कीबोर्डची राहू दिली. सकाळी कुणीतरी उठवायला हवंच ना.

त्या रात्री घरात काळोख म्हणजे काळोख. जाग आली ती आईच्या ओरडण्याने. साडेसहा वाजले होते आणि पिंप ठणठणीत कोरडं. आमच्याकडे पाणी चार ते पाच.

"पहिल्या गाडीला तुझं डबडं उठायचं, ते उठलं की मी उठायचे. काय करून ठेवलंस त्याला?"

"अगं, गजर लावायचा ना!"

"गजराने सगळ्यांची झोपमोड होते."

अण्णांकडून दोन कळशा पाणी आणलं. व्हायरसच होता, म्हणून त्यांना सांगितलं. मग टेबलाशी बसलो आणि माऊसची टिक परत लावली.