टेरी लेहींनी फरशी पुसली हे खरं, कॉलेज सोडलं हे साफ खोटं

परवा रात्री ताईने एक मेसेज पुढे पाठवला आणि खाली लिहिलं, "हे वाचून तो कॉलेज सोडतो म्हणतोय, तूच बोल आता." तो म्हणजे माझा भाचा, नाशिकला बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला, विषय स्टॅटिस्टिक्स. सुट्टीत एका सुपरमार्केटमध्ये रॅकवर माल लावायचं काम धरलं, हातात थोडे पैसे आले आणि आता पुढच्या परीक्षेचा फॉर्मच भरायचा नाही म्हणतो. मेसेज तुमच्यापैकी बऱ्याच जणांकडे आला असेल. थोडक्यात असा: लिव्हरपूलचा एक गरीब पोरगा, टेरी लेही, टेस्को या ब्रिटनमधल्या सुपरमार्केट साखळीच्या दुकानात फरशी पुसायचा, कॉलेजचं तोंडही पाहिलं नाही, मालकाने त्याची मेहनत पाहून त्याला थेट खुर्चीत बसवलं, बुडतं दुकान त्याने एकट्याने जगात एक नंबर केलं, आयुष्यात कधी हरला नाही, आणि आज तो टेस्कोचा मालक आणि चेअरमन आहे. शेवटी ठळक अक्षरात, "डिग्री हा फक्त कागद आहे."

मी पुण्यात रिटेलमध्ये अकरा वर्षं काढलीत, त्यातली चार फ्लोअरवर, नंतर खरेदी विभागात. टेस्कोचं नाव आमच्या ट्रेनिंगमध्ये सारखं यायचं, त्यामुळे हा मेसेज वाचून माझं डोकंच फिरलं.

कॉलेजचंच आधी घेते, कारण नुकसान तिथं होतंय. लेही कॉलेजला गेले होते. मँचेस्टरच्या यूमिस्टमधून, म्हणजे तिथल्या विज्ञान-तंत्रज्ञानाच्या विद्यापीठातून, त्यांनी मॅनेजमेंट सायन्सेसची डिग्री घेतली, १९७७ साली. त्याआधी लिव्हरपूलच्या सेंट एडवर्ड्स कॉलेजमध्ये होते, नावात कॉलेज असलं तरी ती शाळा आहे. घरची गरिबी खरी आहे, आईवडील आयर्लंडहून आलेले, सरकारी वसाहतीतल्या तयार भिंती जोडून उभ्या केलेल्या घरात हा मुलगा वाढला. पण त्या गरिबीतून तो शाळा सोडून बाहेर पडला नाही, शिकून बाहेर पडला, आणि मेसेज लिहिणाऱ्याने नेमकं तेच कापून टाकलंय. फरशी पुसणं, माल लावणं हे खरं आहे, मान्य करते. लंडनमध्ये वाँड्सवर्थच्या टेस्कोत त्यांनी ते काम केलं होतं. पण ते सुट्टीतलं काम होतं! सुट्टी संपल्यावर पोरगा परत अभ्यासाला गेला. माझ्या भाच्यानेही सुट्टीतच काम धरलं, त्यात वाईट काहीच नाही, उलट मला कौतुक आहे, फक्त मेसेजवाल्याने सुट्टीनंतरची गोष्टच सांगितलेली नाही.

बरं, टेस्कोत नोकरीला कधी लागले? कंपनीचे जुने वार्षिक अहवाल काढून संचालकांच्या पानावर बघा, दोन-तीन ओळीच आहेत पण त्यात सगळं आलंय: १९७९ ला टेस्कोत रुजू, मार्केटिंग आणि कमर्शियलच्या वेगवेगळ्या जागांवर काम, ५ ऑक्टोबर १९९२ ला संचालक मंडळावर, १९९७ ला चीफ एक्झिक्युटिव्ह. म्हणजे डिग्रीनंतर दोन वर्षांनी, मधे को-ऑप या तिथल्या सहकारी दुकानांच्या साखळीत नोकरी करून, मार्केटिंगच्या टेबलावर माणूस आला आणि त्यानंतर वरच्या खुर्चीपर्यंत जायला अठरा वर्षं लागली. कुठला मालक आणि कुठली एका रात्रीत मिळालेली खुर्ची? दुकान सुरू करणारे जॅक कोहेन तर १९७९ लाच वारले, आणि टेस्को तोवर कधीची शेअर बाजारात आलेली कंपनी होती.

आता मला जे सगळ्यात जास्त सांगायचंय ते. लेहींचं नाव झालं ते कशामुळे, तर क्लबकार्डमुळे. १९९५ च्या फेब्रुवारीत ते देशभर सुरू झालं तेव्हा ते मार्केटिंगचे डायरेक्टर होते. आज आपल्याकडेही प्रत्येक काउंटरवर "मॅडम मोबाइल नंबर?" विचारतात ना, तीच गोष्ट. पौंडामागे पॉइंट द्यायचे, दर तिमाहीला घरी कूपनं पाठवायची, लोकांना वाटायचं सवलत मिळतेय, पण कंपनीला कळायचं कुठल्या घरात काय आणि किती खपतं. त्या बिलांच्या ढिगातून अर्थ कोणी काढला? क्लाइव्ह हंबी आणि एडविना डन या नवरा-बायकोने, त्यांची डनहंबी नावाची छोटी कंपनी होती आणि हंबी मुळात गणिताचे. सगळ्या बिलांचा डेटा तपासणं तेव्हाच्या कॉम्प्युटरला झेपणारं नव्हतं म्हणून त्यांनी नमुना घेऊन काम केलं. सॅम्पलिंग! माझ्या भाच्याचा दुसऱ्या वर्षाचा पेपर आहे तो! स्पर्धेतल्या सेन्सबरी या सुपरमार्केट साखळीचे चेअरमन डेव्हिड सेन्सबरी तेव्हा त्या कार्डाला, खरेदीवर मिळणाऱ्या आणि साठवून वस्तू घ्यायच्या जुन्या ग्रीन शील्ड स्टँपांचा इलेक्ट्रॉनिक अवतार म्हणाले होते, आणि १९९६ ला त्यांच्याच कंपनीला स्वतःचं कार्ड काढावं लागलं. टेस्को सेन्सबरीच्या पुढे गेली तीही १९९५ लाच. मी स्वतः खरेदी विभागात आले तेव्हा आकड्यांचं शिकलेली चार पोरं वरच्या मजल्यावर बसायची आणि कुठल्या स्टोअरला कुठल्या तेलाचे किती डबे जाणार हे ती ठरवायची, आम्ही खाली बारा-बारा तास उभं राहून ते डबे लावायचो. लावणाऱ्याला मी कमी म्हणत नाही, मी तेच केलंय. पण स्टॅटिस्टिक्स सोडून रॅक धर आणि लेही हो, असं एखाद्या पोराला सांगणं म्हणजे लेही जिथून वर गेले ती शिडीच त्याच्या हातून काढून घेणं आहे.

आता एक गोष्ट कबूल करायला मला जड जातंय पण करते. डिग्रीशिवाय वर गेलेला माणूस त्याच टेस्कोत होता, फक्त तो लेही नाही, डेव्हिड पॉट्स. सोळाव्या वर्षी, १९७३ ला, माल लावायला लागला, १९९८ ला संचालक मंडळावर गेला, २०१५ ला मॉरिसन्स या ब्रिटनमधल्याच दुसऱ्या सुपरमार्केट साखळीचा चीफ एक्झिक्युटिव्ह झाला. तेव्हा असं होतच नाही असं मी म्हणणार नाही. पण २५ वर्षं मोजा. आणि त्या काळात ब्रिटनमध्ये सोळाव्या वर्षी शाळा सोडून दुकानात शिकत शिकत वर जायची वाट होती, आमच्याकडे फ्लोअरवरून स्टोअर मॅनेजर व्हायला आता इंटरव्ह्यूच्या आधी ग्रॅज्युएशनचं सर्टिफिकेट मागतात. माझ्याबरोबरचा एक जण, माझ्यापेक्षा हुशार, बारावीवर अडकला आणि अजून तिथंच सुपरवायझर आहे.

बाकीचं पटकन उरकते. बुडतं दुकान? अजिबात नाही, इयन मॅकलॉरिन चेअरमन असतानाच टेस्को ब्रिटनमध्ये पहिल्या नंबरला गेली होती, लेहींना चालती गाडी मिळाली आणि त्यांनी ती खूप जोरात पळवली, २००५ ला नफा दोन अब्ज पौंडांच्या पुढे नेला, हे श्रेय त्यांचंच. जगात एक नंबर? नाही, लेहींच्या काळात ती अमेरिकेची वॉलमार्ट आणि फ्रान्सची कारफूर यांच्या मागे तिसरी होती.

कधी हरले नाहीत, हे तर हद्द आहे. २००७ ला अमेरिकेत फ्रेश अँड ईझी नावाने दुकानं काढली, कॅलिफोर्निया, अॅरिझोना, नेवाडा. भाजी-फळं प्लास्टिकमध्ये बांधलेली, काउंटरवर माणूस नाही, गिऱ्हाइकाने स्वतःच बिल करायचं, आणि वरून त्याच भागात घरकर्जांचं संकट कोसळलं. एकही वर्ष नफा झाला नाही. लेही २०११ ला टेस्कोतून गेले आणि २०१३ ला कंपनीने एक अब्ज पौंडांहून जास्त नुकसान सोसून अमेरिकेतून काढता पाय घेतला. २०१४ चा हिशेबातला घोटाळा मात्र त्यांच्या माथी मारू नका, तो ते गेल्यानंतरचा.

ताईच्या ग्रुपवर कोणीतरी त्यात भर घातली की त्यांना भारतात यायचं होतं, सरकारने हाकललं. कोणी हाकललं नाही. २००८ ला त्यांच्याच काळात टेस्कोने मुंबईत घाऊक व्यापार सुरू करायचं आणि टाटांच्या ट्रेंट कंपनीला तिच्या स्टार बझार दुकानांसाठी मदत करायचं जाहीर केलं, कारण तेव्हा परदेशी कंपनीला आपल्याकडे किराणा सुपरमार्केट थेट उघडायला परवानगी नव्हती. २०१४ ला त्याच स्टार बझारच्या कंपनीत टेस्को निम्मी भागीदार झाली. पुण्यात मी त्या दुकानात किती वेळा भाजी घेतलीय.

आणि टेस्कोचे मालक, चेअरमन? दोन्ही नाही, कधीच नाही. पगारी चीफ एक्झिक्युटिव्ह होते. चेअरमन झाले ते नंतर, दुसरीकडे: आधी बी अँड एमचे, मँचेस्टरच्या अरोरा भावांनी वाढवलेली ती स्वस्त मालाची दुकानं, २०१८ पर्यंत, आणि पुढे मॉरिसन्सचे, जिथे चीफ एक्झिक्युटिव्ह होते तेच पॉट्स.

ताई, हे सगळं त्याला वाचून दाखवू नकोस, फोनवर पाठव, तो स्वतः वाचेल. फॉर्मची शेवटची तारीख शुक्रवार आहे ना, मी गुरुवारी सकाळच्या बसने येते. संध्याकाळी त्याची शिफ्ट सुटली की त्याच्याशी बसून बोलते, आणि काम सोड असं मी त्याला म्हणणार नाही, फक्त शनिवार-रविवारची शिफ्ट मिळते का ते त्याच्या मॅनेजरला विचारू.