‘लॉयल्टी’ बोट भारतात बांधलेली नव्हती

सोलापूरचे उद्योगपती वालचंद हिराचंद यांच्या जयंतीला दरवर्षी एक मजकूर फिरतो: ‘त्यांनी देशातच बांधलेली पहिली बोट लॉयल्टी’. साफ चूक. 5 एप्रिल 1919 ला मुंबईहून लंडनला निघालेली ही बोट इंग्लंडात बॅरोला बांधलेली, मूळची ‘एम्प्रेस ऑफ इंडिया’. दोन धुराडी, तीन डोलकाठ्या. ग्वाल्हेरच्या महाराजांनी 1914 मध्ये घेतली, युद्धात तिचं तरंगतं इस्पितळ झालं, नंतर ती वालचंदांच्या सिंधिया या जहाज कंपनीकडे आली. चारेक वर्षांत भंगारात गेली.

घोळ होतो ‘जलउषा’शी. ती खरंच इथली. वालचंदांनी उभारलेल्या विशाखापट्टणमच्या गोदीतून 1948 मध्ये नेहरूंच्या हस्ते पाण्यात उतरली.

आणि हो, सोलापुरातलं हिराचंद नेमचंद कॉलेज वालचंदांच्या वडिलांच्या नावाचं. तेही पोस्टरवर हमखास चुकतं.