कोड वाचता येते, तर वायर काहून पाहता येत नाही?

आज डोकं असं तापलं आहे की लिहून मोकळं झाल्याशिवाय झोप यायची नाही. फेब्रुवारीपासून डॅशबोर्डवर पेटलेला तो चेक इंजिनचा पिवळा दिवा काल रात्री मी स्वतःच्या हातानं विझवला. लागलं काय, तर वीतभर वायर अन् थोडं सोल्डर. अन् त्याच्या आधी गेले नऊ हजारांच्या वर, ऐन खरिपाच्या तोंडावर.

आमचं गाव दारव्ह्याकडचं. गाडी पेट्रोलची, २०२१ ची, बीएस-६. दिवा पेटला तेव्हा चालण्यात काही फरक नव्हता, पिकअप तोच, ॲव्हरेज तोच. फक्त उन्हात उभ्या गाडीजवळ गेलं की पेट्रोलचा वास यायचा. यवतमाळला एका गॅरेजमध्ये नेली. त्यानं स्टेअरिंगखाली स्कॅनर लावला, पी०४४४ हा बिघाडाचा कोड आला. "इव्हॅपचा सेन्सर गेला दादा," म्हणाला. पाचशे रुपये घेतले, कोड पुसून दिला. लाडखेड यायच्या आत दिवा पुन्हा हजर. पुन्हा गेलो तर म्हणे, "नागपूरले घेऊन जा, आमच्याच्यानं नाही होत."

अरे, तो सेन्सर नाहीच मुळी! टाकीतल्या पेट्रोलची वाफ होते, आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो तेव्हा तर किती होत असेल. ती वाफ हवेत जाऊ नये म्हणून कोळशाच्या एका डब्यात धरून ठेवतात, त्याला कॅनिस्टर म्हणतात, अन् या सगळ्या यंत्रणेला इव्हॅप. इंजिन चालू असताना ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, पर्ज व्हॉल्व्ह नावाची विजेवर चालणारी झडप उघडतो आणि इंजिन ती वाफ ओढून जाळून टाकतं. पी०४४४ चा अर्थ एवढाच, की या व्हॉल्व्हचं सर्किट कुठंतरी तुटलं आहे. कुठं तुटलं ते कोड सांगत नाही. व्हॉल्व्हची कॉइल गेली असेल, प्लग सैल असेल, पिनेला गंज चढला असेल, नाहीतर मधे वायर तुटली असेल. ते शोधणं हेच तर मेकॅनिकचं काम आहे ना? कोड वाचायला तर माझा पुतण्याही वाचतो, मोबाईलवर.

नागपूरला कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला गेलो. एसी वेटिंग रूम, चहा, बिस्कीट, सगळं होतं. वायरीतली वीज तपासायचा मीटर मात्र कोणाच्याही हातात दिसला नाही. "सर, पर्ज व्हॉल्व्ह बदलावा लागेल." बदला म्हटलं. मजुरी धरून ४,१०० रुपये. जुना व्हॉल्व्ह मी मागून घेतला, तेवढं बरं केलं. चौथ्या दिवशी दिवा पेटला. पुन्हा नागपूर, जाऊन-येऊन पावणेचारशे किलोमीटर. आता म्हणतात कॅनिस्टर बदलून पाहू, अन् त्यानंही नाही झालं तर ईसीयू. बदलून पाहू! माझ्या पैशानं! मी विचारलं, "वायरिंग तपासली का?" तर तो पोरगा माझ्याकडं असा पाहतो, जसं काही मी त्याची जमीन मागितली.

गाडी तशीच घेऊन आलो. त्या दिव्याची भीती वेगळीच असते, हे त्या काउंटरवाल्यांना कळत नाही. इंजिनात उद्या खरंच मोठा बिघाड झाला तरी हाच दिवा पेटतो. तो आधीच पेटलेला असेल तर मला कळणार कसं? रात्री-बेरात्री घरच्या म्हाताऱ्या माणसाला यवतमाळला न्यायची वेळ आली तर मधल्या रस्त्यात कोण येणार आहे?

काल संध्याकाळी विहिरीवरच्या मोटरच्या स्टार्टरसाठी ठेवलेला मीटर काढला. आधी तो जुना व्हॉल्व्ह मोजला. २४ ओहम, म्हणजे कॉइल शाबूत. तोंडानं फुंकून पाहिलं, हवा जात नाही, म्हणजे बंद असतो तसा बंद. १२ व्होल्टच्या बॅटरीला दोन वायरी टेकवल्या, टक्कन आवाज आला आणि हवा पार गेली. धडधाकट व्हॉल्व्ह! हा खराब म्हणून मला ४,१०० रुपयांचं बिल दिलं.

मग गाडीतल्या व्हॉल्व्हचा प्लग काढला, चावी ऑन केली. एका पिनेवर १२ व्होल्ट यायला पाहिजे होते. शून्य. त्या वायरीचा माग काढत बॅटरीच्या ट्रेखाली पोचलो. टॉर्च मारला तर तिथं कापसाचा बोळा, त्यात सरकी, लेंड्या. अन् वायर कुरतडून दोन तुकडे झालेली, तांब्याचे तार मोकळे. भाव चढेल म्हणून या वर्षी फेब्रुवारीपर्यंत कापूस घरात ठेवला होता, गाडी त्याच खोलीच्या भिंतीला लागून उभी असते. विदर्भात निम्म्या गाड्या अशाच कापसाच्या नाहीतर सोयाबीनच्या पोत्यांजवळ उभ्या असतात, उंदीर वायरी खातात हे काय नवीन आहे? बोनेट उघडून ट्रेखाली एक नजर टाकायची होती, बस!

बॅटरीचं निगेटिव्ह काढलं, तुकडा जोडून सोल्डर केलं, वरून स्लीव्ह चढवली. पुतण्यानं कोड पुसला. सगळं मिळून चाळीस मिनिटं. आज मुद्दाम दारव्हा-यवतमाळ दोन चकरा मारल्या, दिवा नाही, वासही नाही.

सोमवारी पुन्हा नागपूरला जातो आहे. जुना व्हॉल्व्ह अन् मीटर सोबत आहे, बिल खिशात आहे. त्यांच्या काउंटरवर, सगळ्या गिऱ्हाइकांसमोर ते २४ ओहम मोजून दाखवणार, अन् ४,१०० रुपये परत घेतल्याशिवाय तिथून उठणार नाही.