खेपेचा दर आणि डंपरचा वेग

डंपरखाली कोणी सापडले की दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात 'भरधाव डंपर' हे दोन शब्द ठरलेले असतात. मी गेली 14 वर्षे पुण्याजवळच्या वाघोली परिसरातल्या खाणी आणि दगड फोडणाऱ्या क्रशरवरून खडी, क्रश सँड (दगड भरडून केलेली वाळू) आणि मुरूम वाहतो. ती बातमी वाचताना मेलेल्या माणसाच्या घरच्यांचा विचार माझ्याही मनात आधी येतो, आणि चूक करणाऱ्या चालकाला शिक्षा झालीच पाहिजे याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण डंपर भरधाव का असतो, हा प्रश्न त्या बातमीत कधीच विचारला जात नाही आणि माझ्या मते त्याचे उत्तर अगदी साधे आहे: आमच्यापैकी बहुतेकांना महिन्याचा पक्का पगार मिळत नाही, खेपेवर पैसे मिळतात.

दिवसभरात चार खेपा झाल्या तर घर चालते, सहा झाल्या तर मुलांच्या शाळेची फी भरता येते. शहरात अवजड वाहनांना सकाळ-संध्याकाळ प्रवेशबंदी असते आणि ती योग्यच आहे. मात्र त्यामुळे उरलेल्या मोजक्या तासांतच खेपा भरून काढाव्या लागतात. क्रशरवर रांगेत दीड तास गेला, वजनकाट्यावर अर्धा तास गेला, तर त्या वेळेचे कोणी काही देत नाही. तो गेलेला वेळ भरून काढायची एकच जागा चालकाच्या हातात उरते, ती म्हणजे रस्ता. मोटार परिवहन कामगारांसाठी 1961 साली झालेल्या कायद्याने दिवसाला 8 आणि आठवड्याला 48 तासांची मर्यादा घातली आणि 1988 च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम 91 ने तीच मर्यादा व्यावसायिक वाहनावरच्या प्रत्येक चालकाला लागू केली. माझे तास लिहून ठेवणारी वही मात्र मी या 14 वर्षांत कोणत्याही मालकाकडे पाहिलेली नाही.

दुसरी गोष्ट वजनाची. दहा चाकी गाडीचे मालासह एकूण वजन 2018 पासून 28 टनांपर्यंत चालते. त्याआधी ती मर्यादा 25 टन होती. रिकामी गाडी अकरा-बारा टन भरते, म्हणजे मालासाठी सोळा-सतरा टन उरतात. खडीचा एक ब्रास, म्हणजे 100 घनफूट, सव्वाचार टनांच्या आसपास असतो. हिशोब केला तर नियमात जेमतेम चार ब्रास बसतात. प्रत्यक्षात पाच भरले जातात, कधी साडेपाच. पाच ब्रासला साधारण पाच टन जादा होतात आणि 2019 च्या दुरुस्तीनंतर त्याचा दंड 20,000 रुपये अधिक प्रत्येक जादा टनाला 2,000, म्हणजे 30,000 रुपये होतो. कायद्याचे शब्द नीट वाचले तर हा दंड वाहन चालवणाऱ्याला आहे आणि ते चालवायला लावणाऱ्यालाही आहे. तरीही चौकात अडवला जातो तो मी, लोडरने जास्तीची बकेट टाकणारा नाही आणि 'भर अजून' म्हणणारा तर नाहीच.

हे जादा वजन उतारावर कळते. कात्रजच्या नव्या बोगद्यातून नवले पुलाकडे उतरताना डिझेल वाचावे म्हणून काही जण गाडी न्यूट्रल करतात. त्या क्षणी इंजिनाचा अडसर संपतो आणि सगळा भार ब्रेकवर येतो. ड्रम तापतात, लायनर पकड सोडतात आणि खाली पोहोचेपर्यंत पेडल दाबूनही गाडी थांबत नाही. कोणी इंजिनच बंद केले असेल तर ब्रेकला हवा पुरवणारा कॉम्प्रेसरही थांबतो आणि प्रत्येक ब्रेकसरशी टाकीतली हवा कमी होत जाते. नव्या मुलांना मी हात जोडून सांगतो की, चढताना लागतो तोच गिअर उतरताना ठेवा. पण ज्याला डिझेल वाचवल्याचे पैसे मिळतात त्याला माझे बोलणे किती दिवस पटणार?

गाडी रिकामी करणे हे चालवण्याहून कठीण काम आहे, हे बाहेरच्या माणसाला माहीत नसते. एका पावसाळ्यात नव्याने भराव टाकलेल्या प्लॉटवर मी मुरूम उतरवत होतो. पीटीओ, म्हणजे इंजिनाच्या ताकदीवर हौदा उचलणारी जोडणी, लावला, जॅक चढत गेला, पण ओला मुरूम हौद्याच्या पुढच्या भागात चिकटून बसला आणि त्याच वेळी मागचे डावे चाक मातीत रुतू लागले. हौदा वर, सगळे वजन वर आणि गाडी एका बाजूला कललेली. साइटवरचा माणूस ओरडत होता की, पुढे घे आणि झटका दे, पडेल. मी झटका दिला नाही, हौदा सावकाश खाली घेतला आणि फावड्याने मुरूम मोकळा केला. त्यात पाऊण तास गेला, त्या दिवसाची एक खेप बुडाली आणि मालकाचे बोलणेही ऐकले. झटका दिला असता तर गाडी उलटली असती, हे मी आजही खात्रीने सांगतो. उंच झालेला हौदा विजेच्या तारेला लागण्याचा धोकाही असतो. तसे झाले तर केबिनमध्येच बसून राहावे. आग लागून उतरणे भाग पडले तर गाडीला आणि जमिनीला एकाच वेळी स्पर्श न करता दोन्ही पाय जोडून उडी घ्यावी. हे मला एका वायरमनने सांगितले, परवाना देताना कोणी सांगितले नव्हते.

अपघातानंतर पळून जाणे मला मान्य नाही. जानेवारी 2024 मध्ये, अपघातानंतर न कळवता पळणाऱ्याला दहा वर्षांपर्यंत शिक्षा देणाऱ्या पोटकलमाविरुद्ध चालकांनी संप केला, तेव्हा मीही गाडी उभी केली होती. पण पळण्याचा हक्क मागण्यासाठी नव्हे, तर जमावाच्या मारापासून संरक्षण मागण्यासाठी. त्याच वर्षी 1 जुलैला नवी न्याय संहिता लागू झाली तेव्हा ते पोटकलम बाजूला ठेवले गेले आणि संरक्षणाची चर्चाही तिथेच राहिली.

आता मी महिन्याच्या पगारावर आहे. हा मालक गाडी काट्यावरच भरतो आणि पावती पाहूनच बाहेर सोडतो. माझ्या खेपा कमी झाल्या, उत्पन्न थोडे घटले, पण गेल्या दोन वर्षांत मला एकदाही दुचाकीस्वाराच्या मागे हॉर्न दाबत राहावे लागले नाही. दुचाकीवाल्यांनाही एक सांगायचे आहे: माझ्या डाव्या बाजूने पुढे येऊ नका आणि सिग्नलला केबिनच्या अगदी समोर उभे राहू नका, कारण इतक्या उंचीवरून तिथला माणूस मला खरोखर दिसत नाही.

आणि ज्यांच्या घराचे बांधकाम चालू आहे त्यांना विनंती आहे. हौद्यावर टेप लावून 'शीग (काठावरचा ढीग) कमी आहे' म्हणत चालकाशी वाद घालू नका. काट्याची पावती मागा आणि पैसे टनावर द्या.