फुटपाथ कोर्टाने कुणाच्याच नावावर केलेला नाही

पावसाळा संपून झोपड्यांची तोडकामं सुरू झाली की एक मजकूर मोबाइलवर पुन्हा फिरू लागतो. त्याचा आशय असा: ‘आम्ही 20 वर्षं हप्ते फेडायचे आणि त्यांना घर फुकट. 1985 साली सुप्रीम कोर्टाने फुटपाथ त्यांच्या नावावर केला. आता वकील आणि संस्था स्थगिती आणून अतिक्रमण पोसतात. खुद्द कोर्टच म्हणालंय की हे खिसेकापूला बक्षीस देणं आहे.’ वस्त्यांमधल्या लोकांचे कागद जुळवण्यात माझी बरीच वर्षं गेली आहेत, म्हणून याचं उत्तर द्यायलाच हवं असं वाटतं.

आधी 1985 चा निकाल. खटला ओल्गा टेलिस विरुद्ध मुंबई महापालिका. जुलै 1981 मध्ये मुख्यमंत्री अ. र. अंतुले यांनी जाहीर केलं की फुटपाथवरच्या लोकांना उठवून आपापल्या गावी किंवा शहराबाहेर पाठवलं जाईल. एका अर्जदाराला कुटुंबासह बसमध्ये बसवून तमिळनाडूतल्या सेलमला धाडलं. गावी काम नव्हतंच, त्यामुळे बायको-मुलींना तिथे ठेवून तो मुंबईला परतला. दुसरा होता संगमनेरचा चर्मकार. गावातलं घर पडलं, मुंबईत बदली कामगाराची नोकरी लागली आणि तुळशीवाडीच्या फुटपाथवर जागा मिळाली. तीही फुकट नव्हे. त्या भागातल्या गुंडाला त्याने 300 रुपये मोजले होते. हे सगळं निकालपत्रातच आहे.

सरन्यायाधीश य. वि. चंद्रचूड यांच्या पाच जणांच्या खंडपीठाने सांगितलं की उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. त्याच निकालात हेही म्हटलं की फुटपाथ चालणाऱ्यांसाठी आहे, तिथे घर करण्याचा हक्क कुणालाही नाही. नोटीस न देता फुटपाथवरचं अतिक्रमण हटवण्याची मुभा देणारं पालिका कायद्याचं कलम 314 वैध ठरलं. फक्त उठवण्याआधी माणसाचं ऐकून घेणं हा सर्वसाधारण नियम असावा, अशी अट कोर्टाने घातली. 31 ऑक्टोबर 1985 पर्यंत, म्हणजे पावसाळा सरेपर्यंत, हटवू नका असं सांगितलं आणि 1976 च्या झोपड्यांच्या गणनेत नोंद असलेल्यांना पर्यायी जागा द्यायला सांगितलं. तीही हटवण्याची पूर्वअट म्हणून नव्हे. थोडक्यात, अर्जदार तत्त्वात जिंकले आणि जागा मात्र गमावून बसले. फुटपाथ नावावर झाला म्हणणाऱ्यांनी निकालाची शेवटची पानं वाचलेली नाहीत.

खिसेकापूचं वाक्य खरं आहे. ते 2000 सालचं, अलमित्रा पटेल खटल्यातलं. पण तो खटला दिल्लीतल्या कचऱ्याच्या व्यवस्थापनाचा होता आणि झोपड्यांत राहणारे त्यात पक्षकारही नव्हते. 1990 मध्ये पुण्यातल्या शांतीस्टार बिल्डर्स खटल्यात आणि 1995 मध्ये चमेली सिंग खटल्यात याच कोर्टाने निवारा हा जगण्याच्या हक्कात मोडतो असं सांगितलं. मजकूर पुढे ढकलताना ही वाक्यं कुणी सोबत जोडत नाही.

आता ‘फुकट घर’. झोपडपट्टी पुनर्वसन योजनेत 1 जानेवारी 2000 पूर्वीचा रहिवास सिद्ध करणाऱ्यालाच ते मोफत मिळतं. त्यानंतरच्या, पण 1 जानेवारी 2011 पर्यंतच्या झोपडीधारकासाठी अडीच लाख रुपये ठरले. शिवाय इमारतीचा खर्च पालिकेच्या तिजोरीतून होत नाही. तो बिल्डर करतो, आणि त्या बदल्यात मिळालेलं जादा चटई क्षेत्र, म्हणजे जादा बांधकाम, बाजारभावाने विकतो. जमीन सार्वजनिक असेल तर तिची किंमत सगळा समाज मोजतो, हा आक्षेप मला मान्य आहे. पण मग विक्रीच्या इमारतीचाही हिशेब मागा, फक्त 300 चौरस फुटांच्या खोलीचा नको. गृहकर्जाच्या व्याजावर जुन्या करप्रणालीत वर्षाला दोन लाखांपर्यंत वजावट मिळते. ती रास्त आहे, पण तिचा भारही सरकारी तिजोरीवरच पडतो.

राहिला वकिलांचा मुद्दा. स्थगितीने मालकी मिळत नाही. नोटीस दिली का, पाहणी झाली का, पात्र माणसाला अपात्र का ठरवलं, एवढं तपासायला वेळ मिळतो. माझ्या ओळखीच्या एका विधवेचं नाव परिशिष्ट-2 मध्ये, म्हणजे पुनर्वसनासाठी पात्र-अपात्र ठरवणाऱ्या यादीत, अपात्र आलं, कारण जुन्या मतदार यादीत नवऱ्याचं आडनाव एका अक्षराने चुकलं होतं. 22 वर्षांचा संसार त्या एका अक्षरावर अडला होता. अपिलात ते दुरुस्त झालं. अपील केलं नसतं तर ती रस्त्यावर आली असती.

मोठं उदाहरण मुंबईतल्या माहुलचं. तानसा जलवाहिनीलगतच्या कुटुंबांना तेल शुद्धीकरण कारखान्यांना खेटून असलेल्या वसाहतीत पाठवलं जात होतं. तिथल्या हवेने आरोग्याला धोका असल्याचं पर्यावरणाचे खटले चालवणाऱ्या राष्ट्रीय हरित लवादाने 2015 मध्येच नोंदवलं होतं. 2019 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्यांना तिथे जाण्याची सक्ती नको म्हणून दरमहा 15 हजार रुपये भाडं आणि 45 हजार अनामत द्यायला सांगितलं. याला अतिक्रमण पोसणं कसं म्हणायचं?

याच्या उलट्या बाजूनेही एक चूक पसरते आहे: सुप्रीम कोर्टाच्या 13 नोव्हेंबर 2024 च्या निकालाने आता नोटिशीशिवाय काहीच पाडता येत नाही, अशी. तो निकाल किमान 15 दिवसांची नोटीस सांगतो, पण रस्ता, फुटपाथ, रेल्वेमार्गालगतची जागा, नदी आणि जलाशय त्यातून वगळतो. त्यामुळे फुटपाथवरच्या माणसाला आधार आजही 1985 च्या त्या ‘आधी ऐकून घ्या’चाच आहे.

नोटीस हातात पडली तर ती मिळाल्याची तारीख तिच्यावरच लिहून ठेवा, वीजबिल आणि मतदार यादीचा उतारा जवळ ठेवा आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. बाईच्या नावाने अर्ज केला तर उत्पन्न कितीही असो, वकील मोफत मिळतो.